हाशिमोटो झाल्यावर ‘इम्युनिटी’ वाढवायची नसते

थायरॉइडचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ७.८, पुढे ‘हाय’. त्याखाली फ्री टी-४, थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, तो नॉर्मल. आणि डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर तिसरी ओळ: अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) ६४०, आणि शेजारच्या रकान्यात नॉर्मलची हद्द जेमतेम ३५. पोटात गोळा येतो तो या तिसऱ्या ओळीमुळे. मर्यादेच्या अठरापट! मग शोधाशोध सुरू होते आणि तासाभरात कुणीतरी ठणकावून सांगतं, की हा हाशिमोटो, थायरॉइड मंदावणारा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे तुमची इम्युनिटी ढासळलीय, ती वाढवा. वाढवायला पावडरी, थेंब आणि कॅप्सूल तयारच असतात.

गाडी रुळावरून घसरते ती इथेच. ऑटोइम्यून आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती भलत्याच ठिकाणी, आपल्याच अवयवावर, कामाला लागलेली असते, आणि तिला तिथून मागे बोलावणारी यंत्रणा ढिली पडलेली असते. अशा वेळी तिला आणखी जोर देणं म्हणजे भांडणाऱ्याच्या हातात काठी देणं.

खरोखरच इम्युनिटी वाढवली तर थायरॉइडचं काय होतं हे वैद्यकाला नेमकं माहीत आहे, कारण तसं केलं जातं. कॅन्सरसाठी चेकपॉइंट इनहिबिटर नावाची औषधं आहेत. प्रतिकारशक्तीला आवर घालणारे ब्रेक ती काढून टाकतात, म्हणजे ती गाठीवर तुटून पडते. या ब्रेकच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. औषधं जीव वाचवतात, यात शंका नाही. पण ब्रेक सुटला की जे अवयव सर्रास तडाख्यात सापडतात, त्यांत थायरॉइड पुढच्या रांगेत असते. ग्रंथीला सूज येते, साठवलेलं हार्मोन रक्तात सांडतं आणि पुढे बऱ्याच रुग्णांत ती कायमची थंडावते. खराखुरा इम्युनिटी बूस्टर हा असा असतो. डब्यातल्या पावडरीत तेवढी ताकद नसते हे आपलं भाग्यच.

हा ब्रेक मुळात कसा चालतो ते थोडं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, घडण छातीतल्या थायमस या ग्रंथीत होते. तिथे त्यांची परीक्षा घेतली जाते, आणि शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या पेशी तिथल्या तिथे संपवल्या जातात. परीक्षा कडक असली तरी काही पेशी निसटतातच. ज्यांना कसलाही आजार नाही त्यांच्या शरीरातही. त्यांना बाहेर आवरून धरायला वेगळ्या टी-पेशी असतात, नियामक टी-पेशी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांवर प्रयोग केला. थायमस नसलेल्या उंदरांमध्ये त्यांनी या नियामक पेशी गाळून बाकीच्या पेशी सोडल्या. उंदरांच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच अवयवांवर हल्ला चढवला, आणि त्या अवयवांत जठराबरोबर थायरॉइडही होती. २०२५चं वैद्यकाचं नोबेल साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल या तिघांना मिळालं ते याच विषयासाठी. म्हणजे निरोगी प्रतिकारशक्ती ही फक्त जोरदार असून भागत नाही, तिला थांबताही यावं लागतं.

आता ग्रंथीकडे वळू. मानेच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, १५ ते २० ग्रॅम वजनाची फुलपाखरासारखी गोष्ट. निरोगी थायरॉइडचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर गोलगोल कप्पे दिसतात आणि प्रत्येक कप्प्यात गुलाबी जेलीसारखा साठा. हा हार्मोनचा कच्चा माल. हाशिमोटोच्या रुग्णाचा काप बघा: कप्पे आक्रसलेले, जेली जवळपास संपलेली आणि सगळीकडे निळसर-जांभळ्या ठिपक्यांची दाटी. तो प्रत्येक ठिपका म्हणजे प्रतिकारशक्तीची एक पेशी. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या थायरॉइडमध्ये ही दाटी पाहिली आणि जर्मन भाषेतल्या नियतकालिकात तिचं वर्णन छापलं. कारण त्यांना ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. शरीर स्वतःविरुद्ध उठतं ही कल्पना तेव्हा फारशी कुणाला पटली नसती.

ती पटायला १९५६ उजाडलं. लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडच्याच प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये हा आजार मुद्दाम घडवून दाखवला. आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये अ‍ॅडम्स आणि पर्व्हस यांना ग्रेव्हजच्या (थायरॉइड अति वेगाने चालण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या रक्तात थायरॉइडला तासन् तास चेतवत राहणारा एक पदार्थ आढळला. तो पदार्थ म्हणजेही अँटीबॉडीच, हे नंतर उलगडलं. तीन खंडांत, एकाच वर्षी!

हाशिमोटो आणि ग्रेव्हज ही एकाच घरातली दोन भावंडं, पण स्वभाव उलटे. ग्रेव्हजमध्ये अँटीबॉडी स्वतःच गुन्हेगार असते. टीएसएचने जी बेल वाजवायची, त्या बेलवर ती बोट ठेवते आणि उचलतच नाही. ग्रंथी हार्मोन ओतत राहते, छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं. हाशिमोटोमध्ये नासधूस करतात त्या मुख्यतः टी-पेशी. अँटी-टीपीओ ही बऱ्याच अंशी खूण असते, आग लागल्यावर दिसणारा धूर म्हणा हवं तर.

म्हणून त्या ६४० ला घाबरायचं किती? अँटी-टीपीओ ही पास-नापास ठरवणारी तपासणी आहे, गुणपत्रिका नाही. आहेत किंवा नाहीत, एवढंच ती सांगते. ६४० चे ३२० झाले म्हणून ग्रंथी अर्धी बरी झाली असं नसतं, आणि गोळीचा डोसही त्यावरून ठरत नाही. ज्यांना कधीच थायरॉइडचा त्रास झाला नाही अशा कित्येकांच्या रक्तातही या अँटीबॉडी असतात. त्यांचा उपयोग भविष्याचा अंदाज घेण्यापुरता. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावात १९७२ पासून २७७९ लोकांची तपासणी झाली आणि वीस वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं गेलं. ज्या स्त्रियांचा टीएसएच वाढलेला होता आणि अँटीबॉडीही होत्या, त्यांच्यात दरवर्षी शंभरात साधारण चौघींची थायरॉइड मंदावत गेली. नुसत्या अँटीबॉडी असलेल्यांत दोघींची. उलट बाजूने वाचा: अँटीबॉडी असूनही शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना त्या वर्षी काही झालं नाही. अशांनी वर्षातून एकदा टीएसएच बघावा, आणि उरलेलं वर्ष त्याचा विचार करू नये.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती माझ्या म्हणण्याच्या थोडी आड येते. नॉर्वेमध्ये दीडशे रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोळीने टीएसएच जागेवर आलेला, तरीही थकवा हटत नाही, आणि अँटी-टीपीओ हजाराच्या वर, अशी ही मंडळी. अर्ध्यांची पूर्ण थायरॉइड काढली, अर्ध्यांना फक्त गोळी चालू ठेवली. दीड वर्षाने ग्रंथी काढलेल्यांचा थकवा लक्षणीय कमी झालेला होता. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य दरवेळी खरं नसतं. शस्त्रक्रियेत आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी दुखावण्याचा धोका असतो, त्या प्रयोगातही गुंतागुंत बऱ्यापैकी झाली, त्यामुळे हा सर्वांचा मार्ग नाही. पण रुग्णाचा थकवा खोटा नसतो, एवढं त्यातून दिसलं.

टीएसएचबद्दलही एक गैरसमज फार पसरलाय. टीएसएच थायरॉइड बनवत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला पाठवलेला तगादा असतो. माल कमी आला की तगादा वाढतो, आणि तो वाढतो तोही अवाच्या सवा. टी-४ जरासा घसरला तरी टीएसएच कितीतरी पट उडी घेतो. म्हणून सुरुवातीच्या रिपोर्टात टी-४ नॉर्मल आणि टीएसएच वाढलेला, असं चित्र दिसतं. १० च्या आत असलेला टीएसएच पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघितला जातो, आणि कित्येकदा तो आपोआप खाली आलेला असतो. गर्भधारणा असेल किंवा तिचा विचार चालू असेल तर मात्र वाट बघत बसायचं नाही.

मग राहणीमानाने काय साधतं? अगदी सारखी जनुकं असलेल्या जुळ्यांपैकी एकाला ग्रेव्हज झाला तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक असते. जनुकंच सगळं ठरवत असती तर ती तीनात तीन असती. उरलेली जागा परिस्थितीची: आयोडीन, तंबाखू, बाळंतपण, काही औषधं, आणि निव्वळ योगायोग. या जागेत आपला हात थोडा पोचतो. थोडाच.

आयोडीनपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे आहे. थायरॉइडचं हार्मोन आयोडीनपासून बनतं, टी-४ मधला चार हा आकडा आयोडीनच्या अणूंचाच. म्हणून ‘थायरॉइड मंद आहे, आयोडीन घ्या’ हा सल्ला वरकरणी पटतो. पण हाशिमोटोत माल कमी नसतो, कारखाना मोडत असतो. जादा आयोडीनमुळे ग्रंथीतलं प्रथिन प्रतिकारशक्तीच्या नजरेत जास्त भरतं आणि हल्ला वाढू शकतो. डेन्मार्कने २००० साली मिठात आयोडीन घालणं सक्तीचं केलं, तेही बेताचं. त्यानंतर तिथे मंद थायरॉइडच्या नव्या रुग्णांचं प्रमाण वाढलं. म्हणून आयोडीन टाळायचं का? नाही. ते नसेल तर गलगंड होतो, गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणी २५०. आयोडीनयुक्त मीठ नेहमीच्या प्रमाणात खाणाऱ्याने ‘थायरॉइड सपोर्ट’ असं लेबल लावलेल्या समुद्री शेवाळाच्या गोळ्यांपासून लांब राहावं. त्यांतल्या काहींत एका दिवसात कित्येक दिवसांचं आयोडीन भरलेलं असतं. अश्वगंधेच्या कॅप्सूलबाबतही सावध राहा, ती घेणाऱ्यांत थायरॉइडचं हार्मोन प्रमाणाबाहेर वाढल्याच्या नोंदी आहेत.

सेलेनियम हे दुसरं लाडकं नाव. थायरॉइडमध्ये ते खरोखर काम करतं आणि त्याच्या गोळ्यांनी अँटी-टीपीओचा आकडा खालीही येतो. पण आकडा हे ध्येयच नसेल तर? माणसाला बरं वाटतं का, गोळी सुटते का, यावर मात्र ठोस फायदा दिसलेला नाही. एका ठिकाणी ते खरं उपयोगी पडलं: ग्रेव्हजमध्ये डोळे किंचित पुढे आलेल्या, सौम्य त्रास असलेल्या रुग्णांना सहा महिने रोज दोनदा १०० मायक्रोग्रॅम देऊन फरक पडला, हे २०११ मध्ये युरोपात दिसलं. मनाने वर्षानुवर्षं घेत राहिलात तर जादा सेलेनियमने केस गळतात आणि नखं तुटतात. केस गळतात म्हणून घ्यायला लागलेली गोळी, बघा.

ड जीवनसत्त्वाचं पारडं जरा जड आहे. अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षांवर रोज २००० युनिट देऊन पाहिलं, तेव्हा सगळे ऑटोइम्यून आजार एकत्र मोजले तर ते २२ टक्क्यांनी कमी दिसले. हे आजार होण्याआधीचं झालं. झालेला हाशिमोटो त्याने उलटतो असं नाही. कमतरता असेल तर भरून काढा, हाडांसाठी तरी.

ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, सोडावं का, हा प्रश्न तर हमखास येतो. थायरॉइडच्या ऑटोइम्यून रुग्णांत सीलिअ‍ॅक हा ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, शंभरात दोन ते पाच जणांना. त्यांनी ग्लुटेन सोडायलाच हवं. बाकीच्यांना सोडून फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे. गंमत अशी, की आधी ग्लुटेन सोडलं आणि मग तपासणी केली तर सीलिअ‍ॅक असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. आधी रक्त द्या, मग हवे ते प्रयोग करा. कोबी-फ्लॉवरला घाबरण्याचं मात्र काही कारण नाही. आयोडीन पुरेसं असेल तर शिजवलेली भाजी रोजच्या प्रमाणात खुशाल खा.

सिगारेटचा हिशेब विचित्र आहे. ग्रेव्हजमध्ये ती उघड शत्रू. आजाराची शक्यता वाढवते आणि डोळ्यांचा त्रास तर फारच चिघळवते. ग्रेव्हजच्या रुग्णाने एकच गोष्ट बदलायची ठरवली तर ती ही असावी. पण ओढणाऱ्यांत अँटी-टीपीओचं प्रमाण मात्र कमी आढळतं! यावरून कुणी सिगारेट सुरू करणार नाही, पण अँटीबॉडीच्या आकड्यामागे धावण्यातला फोलपणा यातून जितका कळतो तितका दुसऱ्या कशातून कळत नाही.

झोप, व्यायाम, ताण यांबद्दल थोडक्यात. यांनी अँटीबॉडी जातात असं कुणी सांगत असेल तर सोडून द्या. पण थकवा, मूड, वजन यांवर त्यांचा परिणाम होतो, आणि रुग्णाला छळतात त्याही याच गोष्टी. मंद थायरॉइडमुळे वाढणारं वजन सहसा दोन-चार किलोच असतं, आणि त्यातही बराचसा भाग पाणी आणि क्षार. त्यापलीकडच्या वजनाचं खापर थायरॉइडवर फोडू नये. ग्रेव्हज आटोक्यात यायच्या आधी मात्र जोरदार व्यायाम नको, हृदय आधीच धावत असतं.

बाळंतपणाचं वेगळं सांगायला हवं. गर्भ सांभाळायचा म्हणून नऊ महिने आईची प्रतिकारशक्ती नमतं घेते. प्रसूतीनंतर ती उसळी मारून परत येते, आणि त्या उसळीत थायरॉइड सापडते. पहिल्या वर्षात आधी काही आठवडे धडधड, चिडचिड, मग काही महिने सुस्ती, उदासी. ‘बाळामुळे झोप होत नाही ना, म्हणून’ असं म्हणून घरचे ते झटकून टाकतात. एका रक्ततपासणीचं काम असतं. आणि आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करावा, पुढच्या तारखेची वाट न बघता. डोस पाव ते तृतीयांशाने वाढवावा लागतो.

ग्रेव्हजसाठी कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल घेणाऱ्यांनी एक वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्यावं: ताप किंवा घसादुखी आली तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

आता मंद थायरॉइडची गोळी. लेव्होथायरॉक्सिन हे हुबेहूब आपलंच टी-४ असतं, त्यामुळे त्याची ‘सवय लागते’ हा आरोप निराधार आहे. पण गोळी फार मानी. ती विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, शोषली जायला रिकामं आतडं लागतं, आणि कॅल्शियम किंवा लोह भेटलं की त्यांना चिकटून बसते. म्हणून खाण्याआधी अर्धा ते एक तास, साध्या पाण्याबरोबर, कॉफीही त्यानंतरच. कॅल्शियम आणि लोहाला चार तासांचं अंतर. सकाळ जमत नसेल तर रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेतलेली गोळीही छान लागू पडते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा. ते शरीरात काही बिघडवत नाही, तपासणीचं रसायन चकवतं, आणि मंद थायरॉइडच्या माणसाचा रिपोर्ट ग्रेव्हजसारखा दिसायला लागतो. पुरेसा डोस असूनही टीएसएच हटत नसेल तर जठराचा ऑटोइम्यून आजार आणि बी-१२ची कमतरता तपासायला हवी. ही दुखणी थायरॉइडच्या सोबतीने येतात.

माझ्या मावशीचा टीएसएच दीड वर्ष ९ आणि ११च्या मध्ये अडकून होता. डोस दोनदा वाढवला. अँटी-टीपीओ हजाराच्या पुढे, म्हणून तिने सेलेनियम सुरू केलं, दूध सोडलं, इम्युनिटीची एक महागडी पावडरही आणली. “सगळ्या गोळ्या वेळेवर घेते गं मी,” म्हणाली आणि पुरावा म्हणून सात वारांचा प्लास्टिकचा डबा पुढे केला. सोमवारचं झाकण उघडलं. थायरॉइडची चिमुकली गोळी, तिच्या अंगावर रेललेली कॅल्शियमची जाडजूड पांढरी गोळी, बाजूला लोहाची कॅप्सूल. पहाटे सहाला गजर लावून, रिकाम्या पोटी, तिन्ही एका घोटात. इतकी शिस्त, आणि त्या शिस्तीनेच गोळी वाया जात होती.

डब्यातून थायरॉइडची गोळी बाहेर काढून तिच्या उशाशी ठेवली, बाकीच्या दोन्ही दुपारवर ढकलल्या. रक्तातलं टी-४ अर्ध्यावर यायला सुमारे आठवडा घेतं, त्यामुळे टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात; त्याआधी तपासण्यात अर्थ नसतो. आठव्या आठवड्यात टीएसएच ०.१ आला. वाढवलेला डोस आता पुरा अंगी लागत होता, आणि तिची छाती धडधडायला लागली होती. डॉक्टरांनी डोस पहिल्या जागी आणला. पुढच्या रिपोर्टात २.४. अँटी-टीपीओ त्या खेपेला त्यांनी लिहून दिली नाही, मावशीनेही विचारलं नाही.